येते म्हण

सिनेमातल्या त्या बेटावर सगळं निळं होतं, समुद्र, दारं, खिडक्यासुद्धा. नवरी आपल्याकडची, नवरा तिथला. दोघांच्या आया ऑलिव्हच्या झाडाखाली हातवारे करत भांडत होत्या आणि एकीचं बोलणं दुसरीला अक्षरही कळत नव्हतं. थिएटरात हशा पिकला होता. शेजारी माझी मुलगी सई डोळे पुसत हसत होती. मला मात्र घाम फुटला. पुढच्या महिन्यात सई लग्न करून अशाच एका बेटावर जाणार आहे, आणि तिथल्या अंगणात हातवारे करणारी बाई मी असणार आहे. उद्या नातवंड मांडीवर आलं, तर त्याच्याशीही हातांनीच बोलायचं का?

तिचा होणारा नवरा लुका मराठी शिकतोय. परवा फोन ठेवताना म्हणाला, "आई, मी जातो."

माझ्या काळजात चर्र झालं. "जातो नाही रे, येतो म्हणावं."

"पण मी तर जातोय!" तो गोंधळला.

निघताना परत येण्याचं बोलून ठेवायचं असतं, हे मला त्याला सांगता येईना. शेवटी सईनंच त्याला समजावलं.

सिनेमात अखेर सगळे मिळून नाचले. बाहेर आल्यावर सईला लग्नाच्या खरेदीला जायचं होतं. रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "आई, जाते गं."

'येते म्हण,' असं मी म्हटलंच नाही. 'पण मी तर जातेय,' असं ती म्हणाली असती तर?