उत्तरेचा चंद्र

व्हेनिसमध्ये चंद्र भरदुपारी उगवायचा, आणि तो उगवून आणायची ओर्सोला बुसेत्तो. अठ्ठावन्न वर्षांची ही विधवा बाई अँझोलो झोर्झेत्तोच्या फोटोच्या दुकानात मागच्या खोलीत बसे. मालक लख्ख उन्हात शहराचे फोटो काढी आणि ते गडद निळ्या रंगात बुडवी. ओर्सोला त्यावर कोटाचं बटण ठेवून गोल आखी, पांढरा रंग भरी, पाण्यावर चार फटकारे मारी. झालं चांदणं. परदेशी पाहुणे हौसेनं ते घरी नेत. अकरा वर्षांत एकाही चंद्राबद्दल तक्रार आली नव्हती.

१८७६च्या ऑक्टोबरात एक जर्मन प्रोफेसर बायकोला घेऊन दुकानात शिरले आणि सान मिकेलेचा, म्हणजे कबरस्तानाच्या बेटाचा, इथूनच घेतलेला फोटो त्यांनी टेबलावर आपटला.

"हा चंद्र उत्तरेला आहे! इथून उत्तरेला चंद्र कधी दिसतो? आणि चंद्र बेटाच्या भिंतीमागं, तर उजेड भिंतीवर समोरून कसा? हॉटेलात प्रत्येकाला सांगतो मी."

झोर्झेत्तोचं सगळं गिऱ्हाईक त्या हॉटेलातलंच. आवाज ऐकून रंग-ब्रशासकट बाहेर आलेल्या ओर्सोलावर तो उखडला.

"त्या बेटासमोर जन्म गेला तुझा. चंद्र कुठं असतो ते कळत नाही?"

"कळतं की. तुम्हीच म्हणालात, मोकळी जागा दिसेल तिथं लाव."

"ब्रश ठेव खाली. तुझं काम संपलं इथलं."

ओर्सोलानं ब्रश ठेवला नाही. या वयात दुसरीकडं कोण ठेवून घेणार? तिनं फोटो पुढं ओढला, चंद्रावर राखाडी रंगाचा जाड ढग चढवला, पाण्यावरचे फटकारे पुसले आणि फोटो प्रोफेसरांपुढं सरकवला.

"घ्या, साहेब. आता चंद्र तुमच्या पाठीमागं आहे. दक्षिणेला. म्हणून तर भिंत उजळलीय."

प्रोफेसरांनी भिंत पाहिली, सावल्या पाहिल्या, मान डोलावली. "बरोबर. अगदी शास्त्रशुद्ध!"

"पण चंद्र कुठंय?" बायको म्हणाली.

"आपल्या मागं, गेर्ट्रूड."

"मागचा चंद्र माझ्या बहिणीला कसा दाखवू? मला बाई पुढचाच हवा."

प्रोफेसरांनी ढगाचा फोटो घेतला, बाईंनी चंद्राचा नवा. दोघं भांडतच पुलापलीकडं गेली.

झोर्झेत्तो दार लावून आत आला. "उद्या लवकर ये. डझनभर ढग लागतील."

"उद्या रविवार आहे, सिओर अँझोलो," ओर्सोला ब्रश धूत म्हणाली. "परवा येते."