डॉक्टरांच्या गाडीचा बंपर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आपल्या नवऱ्याचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, याच समजुतीत ती बिचारी गेली. ज्या दोघांना सांगायला हवं होतं, तेही आता नाहीत. मग तुम्हाला का सांगतोय? — ते मलाही नीट कळत नाही.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात माझा क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची शेडच. गंजलेला बंपर आला की ॲसिडमध्ये बुडवून जुना थर उतरवायचा, लोखंड घासायचं, मग त्यावर तांबं, तांब्यावर निकेल, सगळ्यात वर क्रोम. माझ्या बंपरमध्ये बघून दाढी करावी, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं — इथूनच सुरुवात आहे बहुतेक.

घासायच्या चाकावर शंकर होता. गडमुडशिंगीहून सायकलवर यायचा. कमी बोलणारा. काम झालं की डोळे मिटून लोखंडावरून अंगठा फिरवायचा, एवढी एकच सवय.

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे वडलांच्या वेळची विलायती मोटार होती. ते तिचा मागचा बंपर घेऊन आले. सोबत त्यांचे ड्रायव्हर, गणपतमामा. डॉक्टरांनी विचारलं, "मिस्त्री, स्टेनलेसचा नवाच करून घेऊ का? समोरचा म्हणतो, जन्मात गंजायचा नाही."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा स्टीलवाला. दुधाच्या किटल्या करायचा. आम्ही एके काळी एकाच मालकाकडं शिकलो होतो, आणि त्याची शेड माझ्यापेक्षा मोठी झाली होती.

मी म्हणालो, "डॉक्टर, स्टील ते भांड्याचं काम. क्रोमची निळी झाक त्याला यायची न्हाय. गाडीला किटली बांधून फिरणार हाय काय?"

डॉक्टर हसले. गणपतमामाही हसले. बंपर माझ्याकडं राहिला.

इथवर मी खोटं बोललो नव्हतो. क्रोमची झाक खरंच वेगळी असते. पण दुसऱ्या दिवशी जुना थर उतरला आणि खाली लोखंड दिसलं. जिथं बंपर गाडीला बोल्टनं धरतो, त्या भोकापासून एक चीर वर गेली होती. आत गंज होता — म्हणजे जुनी. नख जाईल एवढी. शेडमध्ये तेव्हा मी एकटाच होतो.

काय करायला हवं होतं? डॉक्टरांना निरोप धाडायचा, हे लोखंड गेलंय, स्टीलचाच करा. एवढंच. पण म्हणजे तो बंपर माझ्याच हातानं रस्ता ओलांडून समोर न्यायचा. तो स्टीलवाला दारात उभा राहून बघणार. काय म्हणणार, ते मला त्याच्या आवाजात ऐकू येत होतं.

मी चिरेत शिसं ओतलं. कानशीनं सपाट केलं. वर, खड्डा बुजवायला करतात तसा, तेवढ्याच जागेवर तांब्याचा जाड थर चढवला, आणि मग सगळा बंपर शंकरला घासायला दिला. त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला. त्याला काही लागलं नाही. मी तेवढं काम चोख केलं होतं.

त्या जुन्या गाड्या पंक्चर झाल्या की जॅक बंपरलाच अडकवायचा असे. मला हे माहीत नव्हतं का? होतं. दहादा बघितलं होतं.

पाचव्या महिन्यात आजऱ्याच्या रस्त्याला डॉक्टरांची गाडी पंक्चर झाली. गणपतमामांनी जॅक लावला, चाक काढलं, दुसरं बसवायला हात आत घातला. बंपर मोडला. गाडी हातावर बसली. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मोडलेले तुकडे त्यांच्या अंगणात ठेवले होते. मी वाकून बघितलं — करडं शिसं, आणि त्याच्या कडेनं तो जुना गंज. डॉक्टरांना लोखंडातलं काय कळणार? त्यांनी विचारलं, "कसं झालं हो हे?" आणि माझ्या तोंडून निघालं, "घासताना लोखंड पातळ झालं असणार. माझा माणूस चुकला."

बघा, किती सहज निघालं. आधी ठरवलंही नव्हतं — की ठरवलं होतं?

तपासतो म्हणून मी तुकडे सोबत आणले आणि त्याच दिवशी ओळखीच्या फौंड्रीत भट्टीत टाकले.

शंकरला मी शेडमधल्या सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "मालक, माझा हात एवढा जड कधी पडला न्हाय."

"पडला असंल की. माणूसच हायस."

तो भांडला नाही. आपल्या हातांकडं बघत राहिला. संध्याकाळी सायकल घेऊन गेला तो परत आला नाही. उद्यमनगरात त्याला पुन्हा कुणी चाकावर उभं केलं नाही. गणपतमामा डॉक्टरांच्याच दवाखान्यात केसपेपर द्यायला बसू लागले, डाव्या हातानं. मी तापानं फणफणलो तरी त्या दवाखान्यात गेलो नाही.

सात-आठ वर्षांनी मुलीच्या लग्नाचे पैंजण घ्यायला हुपरीला गेलो होतो. एका घराच्या सोप्यात शंकर बसला होता, रिठ्याच्या पाण्यात चांदी घासत. केस पिकले होते. मला बघून धडपडत उठला, चहा सांगितला.

म्हणाला, चाकाला नंतर हात लावला नाही. भीती वाटते. इथं हातानंच घासायचं, कुणाचं काही मोडत नाही. दर दिवाळीला गणपतमामांकडं जातो, त्यांच्या पाया पडतो. "ते म्हणत्यात, जाऊ दे लेकरा. पर मला झोप न्हाय मालक. मी लई आठवून बघितलं. त्या दिवशी माझाच हात जड पडला असणार."

त्याला ते पटलं होतं. मी सांगितलेलं त्यानं घासून घासून खरं केलं होतं.

मग तो हळूच म्हणाला, "माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं. तुमी मला माफ केलं न्हाय अजून."

आम्ही दोघंच होतो. तोंड उघडायचं, एवढंच काम होतं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "केलं की. कवाच केलं."

त्याचे डोळे भरून आले. नको म्हणत असताना माझी पिशवी त्यानं उचलली, आणि स्टँडवर गाडी सुटेपर्यंत धरून उभा राहिला.