एक चिंचोका उरला पाहिजे

ये माय, अशी जवळ बस. लांबून बोललेलं मला आता ऐकू येत नाही, आणि लांबून रागावणं तर मला कधीच जमलं नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, पिशवीत दोन चिंचोके जास्तीचे टाकून दे ना, आबांना काय कळतंय." हसत म्हणालीस, ते मला समजलं. पण असं बोलू नये बाई. याआधीही तू असंच एक हसत बोलून गेलीस, आणि त्या एका बोलण्यापायी घरात काय होऊन बसलंय ते तुला ठाऊक नाही. म्हणून लिहिते आहे. माझं लिहिणं म्हणजे बोलणंच. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला शिकले ते तुझ्या बापाची पुस्तकं चुलीपाशी उघडून, भाजी निवडता निवडता.

मुळापासून सांगते. तुझे आबा सरकारी कारखान्यात होते. कारखान्याच्या कॉलनीपलीकडे साहेब लोकांचं गोल्फचं मैदान होतं आणि आबांची नोकरी त्या मैदानाच्या पंपावर. गवताला पाणी सोडायचं, मोटर बघायची, पाईप फुटला की चिखलात उतरायचं. मैदान हिरवं ठेवायचं ह्यांनी, खेळायचं दुसऱ्यांनी. शेवटची बढती मिळाली तेव्हा नियमाने ह्यांनाही खेळता येऊ लागलं, पण तोवर डोक्यावर काळा केस शोधावा लागत होता. पहिल्या रविवारी कडक इस्त्रीची पँट घालून गेले आणि दुपारी मातीने भरून आले. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "चेंडू तिथंच राह्यला, मीच फिरलो."

तुला हा खेळ ठाऊक आहे, तरी मला समजला तसा सांगते. दूर जमिनीत एक भोक असतं. काठीने मारत मारत चेंडू त्यात घालायचा. अशी अठरा भोकं फिरायची आणि शेवटी सगळे फटके मोजायचे. ज्याचे फटके कमी तो मोठा. इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे ज्याचं जास्त त्याचं चांगलं, मग कापूस असो, मार्क असोत की क्रिकेटच्या धावा. ह्या एका खेळात माणसाने कमी करत जायचं असतं. चांगले खेळणारे सत्तर-बहात्तरमध्ये उरकतात म्हणे. आबांना तेवढी हाव नव्हती. त्यांना एकदाच, आयुष्यात एकदाच, शंभराच्या आत यायचं होतं. कॉलनीत होते तोवर ते जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही गावी आलो, जळगाव जामोदच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. एका साहेबाने बदलीच्या वेळी दिलेली काठ्यांची पिशवी एस.टी.त मागच्या सीटवर आडवी टाकून आणली. कंडक्टरने विचारलं, भजनी मंडळ कोणत्या गावचं?

आपल्या वाट्याचं वावर तू पाहिलं आहेस. नुसतं बरड. मुरूम वर आलेला, त्यात बोरी आणि तरोटा. तूर पेरली तर ती उगवायलाही लाजते. पण चेंडू मारायला तिथं कोण अडवणार? अडचण एकच होती. मैदानावर भोकाभोवतीचं गवत इतकं बारीक कापलेलं असतं की चेंडू सतरंजीवरून गेल्यासारखा जातो. बरडावर ते गवत कुठून आणायचं? आबा दोन-तीन दिवस गुडघ्यात मान घालून बसले. मीच म्हटलं, "आहो, खळं करा ना." ज्वारी मळायला करतात तसं. जमीन उकरून, पाणी मारून, चोपून चोपून घट्ट करायची आणि वर शेणाचं सारवण. अशी नऊ खळी केली. प्रत्येकात मधोमध रंगाचा रिकामा डबा पुरला आणि खूण म्हणून काठीला माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. नऊ खळी दोनदा फिरली की झाले अठरा. पहिला चेंडू सारवणावरून सुळकन गेला तेव्हा आबा म्हणाले, कॉलनीतही एवढं गुळगुळीत नव्हतं. संसारात ह्यांनी माझ्या भाजीलाही कधी उगाच चांगलं म्हटलं नाही, म्हणून ते मी खरंच धरलं.

पावसाळ्यात खळी वाहून जायची. दिवाळी झाली की मी पुन्हा सारवायला बसायची.

मोजणी माझ्याकडे आली. कागद-पेन्सिल मी आधीच नाही म्हणून सांगितलं. मी चिंचोके घेतले. कापडी पिशवीत मोजून शंभर टाकायचे, आणि ह्यांनी फटका मारला की एक काढून वाटेवर फेकायचा. अठरावा डबा झाला आणि पिशवीत एक जरी चिंचोका उरला तरी जिंकलं. एवढं साधं. पण पहिल्या वर्षी पिशवी सोळाव्या खळ्यालाच रिकामी व्हायची, आणि पुढचे फटके मोजायला मी खाली वाकून खडे गोळा करायची.

गावातले निवृत्त मास्तर सकाळी फिरायला यायचे. बांधावर उभे राहून म्हणाले, "आबा, विंचू मारून राह्यले का?" आबांनी एक काठी त्यांच्या हातात दिली. झालं, मास्तर रोजचे झाले. मग दोघांचं जे शिकणं सुरू झालं ते काय सांगू. मोबाइलवर इंग्रजीतले व्हिडिओ बघायचे, समजायचं नाही, पण माना डोलवायचे. डोकं वर उचलू नये म्हणून आबांनी टोपीला सुतळी बांधून ती शर्टाच्या गुंडीला अडकवली. कोपर वाकू नये म्हणून मास्तरांनी हाताला फूटपट्टी बांधली. संध्याकाळी ओसरीवर तांब्या आडवा ठेवून आबा त्यात चेंडू घालायचे. स्वयंपाक करताना तांब्याचा टण्ण आवाज आला की मी ओळखायची, गेला. नाही आला की त्या दिवशी भाकरीला नावं ठेवणार.

त्याच सुमारास तू सुट्टीत आली होतीस. त्या व्हिडिओंचा अर्थ तू सांगितलास, म्हणून ह्यांचे बरेच फटके कमी झाले, हे खरं. पण जाताना एस.टी.च्या खिडकीतून तू ओरडलीस, "आबा, शंभराच्या आत आलात की फोन करा, मी पेढे घेऊन येते." तू बोललीस आणि गाडी गेली. ह्यांनी ते गाठीला बांधलं.

पुढच्या हिवाळ्यात मास्तर शंभराच्या आत आले. सत्त्याण्णव. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, मास्तरांच्याही नाही. मास्तरांची वेगळी पिशवीही माझ्याकडेच असायची, तीत तीन चिंचोके उरले होते. आबांनी आधी त्यांचा हात हातात घेतला, मग त्यांच्या पाठीवरची धूळ झटकली. घरी येऊन मात्र जेवले नाहीत, पोट गच्च आहे म्हणाले. मास्तरांना त्या सत्त्याण्णवचं काहीच नव्हतं. झालं ते झालं म्हणाले, आणि होळीनंतर मुलाकडे नाशिकला राहायला गेले ते गेलेच. नशीबही कसं पाहा, ज्याला भूक नाही त्याच्या ताटात वाढतं.

मग तो दिवस आला. गारठा होता, बरडावर दव होतं. आबांचा चेंडू सकाळपासून सरळ जात होता. मी मागून चालत होते. पिशवी हलकी होत होती, पण नेहमीपेक्षा हळू. शेवटच्या खळ्यावर आलो तेव्हा मी आत हात घालून चाचपलं. दोन चिंचोके होते. चेंडू सारवणावर, डब्यापासून दोन हातांवर. एका फटक्यात गेला असता तर एक उरला असता. आबा वाकले, आणि तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलत होता. दळताना जात्याभोवतीचं पीठ हलतं तसा, बारीक. फटका बसला. चेंडू डब्याच्या कडेला वळसा घालून तिथेच थांबला. दुसऱ्या फटक्याला गेला.

पिशवी रिकामी. शंभर.

"पाह्य बरं," आबा म्हणाले, "एखादा शिवणीत अडकला असंन."

मी पिशवी उलटी केली, शिवण चाचपली, झटकली. नव्हता.

परत येताना टपरीवर माणसं बसली होती. कोणीतरी विचारलं, आबा, आज किती? हे म्हणाले, शंभर. अन् काय सांगू माय, सगळी टपरी उभी राहिली. शतक झालं, आबांनी शतक ठोकलं. टपरीवाल्याने समोरच्या दुकानातून नारळ आणला, कोणी नवा टॉवेल ह्यांच्या खांद्यावर टाकला. आबांनी समजावून पाहिलं, की बाबांनो, ह्यात कमी करायचं असते. टपरीवाला म्हणाला, "कमी करून कोणी मोठं होते का आबा?" लोक हसले. आबाही हसले. नारळ घेऊन घरी आले, तो फडताळात ठेवला आणि मला फोडू दिला नाही. अजून तिथंच आहे. आता त्याचा गोटा झालाय, हलवला की आत वाजतो.

त्यानंतर अंगठ्याचं हाताला गेलं. बुलढाण्याला दाखवलं. डॉक्टरांनी चांगलं समजावलं, हे मागे फिरणारं दुखणं नाही, गोळ्यांनी सावकाश पुढे जाईल एवढंच. आबांनी एकच विचारलं, "चेंडू मारता येईन ना?" डॉक्टर म्हणाले, मारा की, चालणं चांगलंच आहे. बाकी काही ह्यांनी विचारलं नाही.

आकडे मग वर चढू लागले. एकशे नऊ. एकशे सोळा. इकडे आकडा चढे आणि तिकडे टपरी खूश होई. "आबा तं रोज वाढूनच राह्यले," म्हणायचे, "ह्या वयात, कमाल आहे." पहिल्यांदा आबा दुरुस्त करायचे. नंतर सोडून दिलं. एका सकाळी एकशे तीस झाले. आकडा ऐकून टपरीवर टाळ्या पडल्या. आबांनी हात वर केला, तर तो हात थांबेचना. लोकांना वाटलं आबा हात हलवून राह्यले, म्हणून त्यांनीही हात हलवले. मी पिशवीची गाठ मारत उभी होते. काय करू सांग.

तू म्हणतेस तसं दोन चिंचोके मी कधीच टाकू शकले असते. पण ह्यांच्या ओठांकडे बघ कधी. प्रत्येक फटक्याला ते हलतात. माझ्याबरोबर हेही मोजतात, पहिल्यापासून मोजत आले आहेत. मी एकदा नुसता विषय काढला, की एखाद्या दिवशी माझ्या हातून चुकलं तर? म्हणाले, "खोटे नव्व्याण्णव मले चालतानाच टोचतीन." मग मी तो विषय बंद केला. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं गवत हिरवं ठेवलं, त्याला स्वतःच्या बरडावर तरी खरं मोजून हवं आहे. ते मी हिरावून घेणार नाही.

या वर्षी माझे गुडघे वाकले नाहीत. तीनच खळी सारवली. आबा म्हणाले, हरकत नाही, तीन खळी सहादा फिरलो की अठराच होतात. पण सहादा कुठलं फिरणं. तिसऱ्या फेरीला धाप लागते, आणि पिशवी तर त्याच्याही आधी रिकामी होते. मी खडे वेचते. ओसरीवर तांब्या अजून आडवा ठेवतात. आवाज क्वचित येतो. परवा चेंडू भिंतीला लागून माझ्या पायाशी आला. मी तो उचलून दिला तर हातातून निसटला. पुन्हा उचलून दिला.

तुझा फोन ठेवल्यावर मी म्हटलं, पोरीला बोलावू का चार दिवस? म्हणाले, "इतक्यात नको. एक उरला का मीच फोन करतो. तिनं पेढ्याचं सांगून ठेवलं हाय."

ऐकलंस? तुझ्या गमतीची त्यांनी अट करून ठेवली आहे. तू हसून विसरलीस, आणि ते त्यापायी तुला बोलवत नाहीत. दिवाळीलाही तुला काहीबाही सांगून थांबवलं ते ह्याच्यामुळे. आता मी तुला खरं ते सांगते, रडू नकोस. एक उरणार नाही माय. या वर्षी नाही, पुढच्याही नाही. हे मला ठाऊक आहे आणि मला वाटतं त्यांनाही आहे. तरी रोज सकाळी ते पिशवी माझ्या हातात देतात आणि मी शंभर मोजून भरते.

तेव्हा त्यांच्या फोनची वाट पाहू नकोस. पेढे आणू नकोस. कोणाला न सांगता सकाळच्या एस.टी.ने उतर आणि सरळ बरडावर ये, आम्ही तिथंच असतो. किती झाले ते विचारू नकोस, नुसती सोबत चाल. ऊन तापायला लागलं आहे, खळ्यांच्या कडा उकलू लागल्या आहेत, आणि पुन्हा सारवणं माझ्याने होईल असं वाटत नाही. खळी फुटायच्या आत ये बाई, लवकर ये.