काहीच न करणारं बटण

मुनीरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्या दिवसाच्या कामांची यादी करत होते. ऑफिस उघडलं की आधी यादी, मग बाकी सगळं, ही माझी जुनी सवय. तुळजापूरच्या लॉजचा प्रिंटर, मुरुमच्या आडतीचा हिशोब, बेंबळीचं दूध संकलन केंद्र… प्रत्येक कामापुढे ज्यानं जायचं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. दोन ठिकाणी ‘मु’ लिहून झालं होतं. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा होता. “ताई, भाई सकाळी उठलेच न्हाईत,” एवढंच तो म्हणाला. मी “बरं” म्हणाले. कोणी ‘उद्या येतो’ म्हटल्यावर म्हणावं तसं. फोन ठेवून तिसऱ्या कामापुढेही ‘मु’ लिहिलं, आणि मग पेन खाली ठेवलं.

दुपारच्या, असरच्या नमाजनंतर त्यांना नेलं. मी आतल्या खोलीत त्यांच्या बायकोजवळ, शाहीनभाभींजवळ बसून होते. भाभी एकदम म्हणाल्या, “ताई, चष्मा तुमच्या ऑफिसातच राहिलाय त्यांचा. काल रात्री म्हणत होते, ताई वरडतील.” मी आयुष्यात कधी त्यांच्यावर ओरडले नव्हते. निदान मला तसं वाटत होतं…

मी आणि मुनीरभाई धाराशिवला एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत बसायचो. आडत दुकानं, लॉज, पतसंस्था, दूध केंद्रं यांच्यासाठी आम्ही हिशोबाचा प्रोग्रॅम केला होता. इंटरनेटवर चालणारा नव्हे, गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसवायचा. हिशोबाचे नियम माझे, प्रोग्रॅम मुनीरभाईंचा. भांडण एकाच गोष्टीवरून झालं, पण ते अनेक वर्षं पुरलं. ती गोष्ट म्हणजे टूलबार, स्क्रीनच्या वरच्या बाजूला चित्रांच्या बटणांची असते ती ओळ.

पहिला टूलबार मी ठरवला होता. आडतीत कोणतं काम आधी होतं, कोणतं नंतर, याचा नीट क्रम लावला. आवक, वजन, लिलावाचा भाव, हमाली-तोलाई आणि शेवटी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडतो तो विक्रीचा हिशोब. मुनीरभाईंनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. “यादी झकास आहे, ताई. पण ही तुमच्या हाताची आहे.”

“मग कोणाच्या हाताची पाहिजे?”

“ज्याच्या त्याच्या.”

आणि त्यांनी ते करून दाखवलं. बटणांची ओळ प्रोग्रॅममध्ये पक्की बसवायचीच नाही. प्रोग्रॅम उघडताना आधी विचारायचं, कोण बसलंय? मग त्या माणसाच्या नावाची छोटी फाइल वाचायची आणि तिच्यात लिहिल्याप्रमाणे तिथल्या तिथं टूलबार उभा करायचा. नको ते बटण माणसानं चालू प्रोग्रॅममध्येच ओढून बाहेर टाकावं, हवं ते बाजूच्या बटणांच्या पेटीतून उचलून आणावं, जागा बदलावी. मी म्हणाले, “रोज फोन येतील. बटण हरवलं, बटण हरवलं.” ते हसले. “बटण हरवलं म्हणून काम हरवत नाही, ताई. काम आत असतं. बटण म्हणजे नुसती दाराची कडी. कडी वर लावा, खाली लावा, खोली कुठं जातीय?”

फोन आलेच. तुळजापूरच्या लॉजमधून दिवसपाळीच्या काकांचा तर रोज. “मॅडम, तुमच्या प्रोग्रॅमात काहीतरी बाहेरचं शिरलंय. मी बटणं नीट लावून जातो, सकाळी येतो तर सगळी उलटीपालटी.” मुनीरभाई तिथं गेले, आणि काकांबरोबर रात्रपाळीच्या बालाजीलाही समोर बसवलं. दोघंही ‘काउंटर’ या एकाच नावानं प्रोग्रॅम उघडत होते. काका सकाळी पावतीचं बटण पुढे आणायचे, कारण सकाळी लोक दर्शन करून खोल्या सोडतात. बालाजी संध्याकाळी ते मागे ढकलून ‘रिकामी खोली’ पुढे घ्यायचा, कारण सोलापूरच्या गाड्या तेव्हा येतात.

“काका, तुम्ही रिकामी खोली पार टोकाला ठेवता. आलेल्या माणसाला काय जिन्यात झोपवू?”

“आणि तू पावती कुठं पुरून ठेवतोस रे? फुकट राहतात का लोक, तुझ्या सासरचे?”

मुनीरभाईंनी दोघांना दोन नावं दिली, म्हणजे दोघांचे दोन टूलबार झाले. परत आल्यावर जिन्यातूनच म्हणाले, “भूत धरलं, ताई. एक नव्हे, दोन निघाली.”

त्यांची कामाची एक पद्धत होती, तिनं मी कावायचे. नवीन गिऱ्हाईक मिळालं की ते तिथं जाऊन कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाच्या मागे स्टूल टाकून बसायचे. दिवसभर. बोलायचं नाही, शिकवायचं नाही, नुसतं बघायचं. संध्याकाळी मी विचारायचे, “आज काय झालं काम?” “बघितलं.” माझ्या वहीत ‘बघितलं’ या कामासाठी रकाना नव्हता. पण दुसऱ्या दिवशी काहीतरी बदललेलं असायचं. एकदा असंच बघून आल्यावर त्यांनी मांडणी जपून ठेवण्याची रीतच बदलली. आधी प्रोग्रॅम बंद करताना ती फाइलमध्ये लिहिली जायची. मध्येच वीज गेली की दिवसभराची मांडणी जायची. त्यांनी असं केलं की बटण ओढून सोडलं रे सोडलं, त्याच क्षणी जागा लिहून व्हावी. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, बंद करताना होतंच की. ते म्हणाले, “ताई, लाइट काय सांगून जाते का?”

मुरुमच्या आडतीत अप्पा मुनीम होते, अजून आहेत. तिथं बोलण्यात कानडी मिसळलेली, म्हणून मला ते अक्का म्हणतात. अप्पांनी सगळा टूलबार मनासारखा लावून घेतला आणि मग म्हणाले, “समदं बेस हाय. पर पयल्या जागेवर आवक नको.” मग काय हवं? “श्री. वहीच्या पयल्या पानावर आमी आधी श्री काढतो. मग हितं का न्हाय?” मी समजावलं, अप्पा, प्रत्येक बटणाला काहीतरी काम असावं लागतं. आणि तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये ते खरंच होतं. बिनकामाचं बटण ठेवलं की प्रोग्रॅम उघडतानाच अडकून बसायचा. अप्पा ऐकून घेत होते, पण पटत नव्हतं. मुनीरभाई आपले स्टूलवर. बघत होते.

पुढच्या खेपेला ते काहीच न करणारं बटण घेऊन आले. त्याला हवं ते नाव द्या, हवं ते चित्र द्या, हवं तिथं ठेवा. दाबलं तर आत खाली जायचं, वर यायचं, बस्स. श्री त्यांनी स्वतः काढला होता, एकेक ठिपका भरून, शेंदरी रंगात. बटणांवरची सगळी चित्रं तेच काढत. काटा, पोतं, किल्ली, दुधाचं कॅन. अप्पा खूश. परतीच्या वाटेवर गाडीत मी म्हणाले, “दोन दिवस घालवले तुम्ही, काहीच न करणाऱ्या बटणावर.” ते खिडकीबाहेर बघत होते. “करतं ना. अप्पांचा हात तिथनं निघतो.” मला तेव्हा ते बोलायला छान, एवढंच वाटलं.

माझा टूलबार मात्र पहिल्या दिवशी होता तसाच राहिला. माझा क्रम, माझी यादी, एकही बटण इकडचं तिकडं नाही. मुनीरभाई मागून जाताना डोकवायचे. “ताई, सोफ्याचं प्लास्टिक कधी काढणार?” “चांगलं आहे तसंच.” “बसताना आवाज येतो हो नुसता.” हे इतक्या वेळा झालं की पुढे पुढे ते बोलायचेही नाहीत. जाता जाता फक्त तोंडानं प्लास्टिकचा चुरचुर आवाज काढायचे… मला तो आवाज आता कुठेही ऐकू येतो. किराणा दुकानात, बसमध्ये मागच्या सीटवर कोणी पुडा फोडला तरी.

ते गेल्यावर थोड्याच दिवसांत अप्पांचा फोन आला. “अक्का, मुनीरभाईला जरा पाठवा की. मशीन जळालं, नवं घेतलंय, पर बटणं समदी…” आणि मध्येच थांबले. अप्पा मातीला येऊन गेले होते. त्यांना माहीत होतं. “तोंडातनं गेलं, अक्का,” ते म्हणाले. मी म्हटलं, “मी येते.”

हिशोबाची सगळी नक्कल आमच्याकडे होती, तो लगेच परत बसला. पण टूलबारच्या मांडणीची फाइल जळालेल्या मशीनबरोबर गेली होती. नवीन मशीन आलं की ती छोटी फाइल मुनीरभाई स्वतः उचलून नेत, कोणाला न सांगता, त्यामुळे माझ्या यादीत ती कधी आलीच नव्हती. समोर दिसत होता माझा मूळ टूलबार, आवक पहिली, पट्टी शेवटी. बाहेर तुरीच्या गाड्या लागलेल्या, शेतकरी पट्टीसाठी ताटकळत उभे, आणि अप्पा एकेक बटण चष्मा वर करून वाचत होते. मालकांचा मुलगा बाजूला उभा होता. वाईट नाही तो, पण घाईत होता. “ताई, जाऊ द्या. अप्पांचं वय झालं आता. चार वाजेपर्यंत बघतो, न्हाईतर उद्यापासून दुसरा माणूस बसवतो.” अप्पा पुढचं बटण वाचत राहिले. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

मी वही काढली. “सांगा अप्पा, पहिल्यांदा श्री, ते मला आठवतंय. त्यानंतर?” अप्पांनी डोळे मिटले, उघडले. “सांगता येत न्हाय, अक्का.” वजन? हमाली? “हितं हाय कुठंतरी… हाताला ठावं हाय, तोंडाला न्हाय.” दोनतीनदा अंदाजानं लावून बघितलं. चुकलं. माझी वही तिथं काही कामाची नव्हती. आणि मुनीरभाईंना एकेका गिऱ्हाइकाचा टूलबार तोंडपाठ होता. विचारायला फोन हातात घेतलासुद्धा मी, त्यांचं नाव काढेपर्यंत बोट गेलं…

मग वही बंद केली. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि अप्पांच्या मागे बसले. “अप्पा, बटणांकडं बघू नका. नेहमीसारखी पट्टी करा.” हात निघेना. माउसवर नुसता अडून राहिला. तेव्हा मला उमगलं, आणि मी पुढे वाकून पेटीतून ते काहीच न करणारं बटण ओढलं, पहिल्या जागी सोडलं, त्याला शेंदरी श्री दिला. अप्पांनी ते दाबलं. आत गेलं, वर आलं. आणि हात सरळ निघाला. दोन घरं सोडून थांबला. “वजन,” ते म्हणाले. मी तिथं वजन ठेवलं. हात थोडा मागे आला. “भाव.” मी भाव ठेवला. एक जागा चुकली तेव्हा हात थबकला, अप्पा “च्च” म्हणाले आणि मी ते बटण एक घर सरकवलं. मी काही बोलत नव्हते, नुसती बघत होते. शेवटचं बटण बसलं तसा प्रिंटर सुरू झाला, आणि अप्पांनी पट्टी फाडून बाहेरच्या माणसाला दिली, बघितलंही नाही कोणाकडं. मालकांचा मुलगा म्हणाला, “चहा सांगतो ताई.” अप्पा मान न वळवता म्हणाले, “अक्काला बिनसाखरेचा सांग. भाई तसाच प्यायचे.” बिनसाखरेचा मी पीत नाही. त्या दिवशी प्यायले.

फाइल मात्र आठवणीनं उचलून आणली. आता ती यादीत आहे, सगळ्या गिऱ्हाइकांची.

मग त्यांचा चाळिसावा दिवस झाला. भाभींना चष्मा मी आधीच नेऊन दिला होता, त्यांनी तो उशाशी ठेवलाय. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडलं, यादी केली, आणि कामाला हात घालण्याआधी पहिल्यांदाच माझ्या टूलबारची मांडणी बदलायला घेतली. त्यांच्या चित्रांची पेटी उघडली. काटा, पोतं, किल्ली, कॅन… आणि अगदी खाली एक चहाचा कप, वाफेचे तीन ठिपके असलेला. कोणत्याच कामाचा नव्हता, म्हणून कोणीच तो कधी घेतला नव्हता. मी काहीच न करणारं बटण ओढलं, पहिल्या जागी सोडलं. माझी आवक एक घर पुढे सरकली. त्याला कप दिला. प्रोग्रॅमनं बटणाचं नाव विचारलं, ती जागा रिकामी ठेवली.

आता सकाळी यादी झाली की मी आधी ते दाबते. ते आत जातं, वर येतं. बाकी काही होत नाही. मग हात आवक सोडून सरळ वजनाकडे जातो.