रुमालाखाली ठरलेले दोन दिवस

आमच्या घरात दोन भाऊ होते आणि एक बाजाची पेटी होती. थोरल्याला शाळा मिळाली, मला गुरं मिळाली आणि वडील गेल्यावर पेटीही थोरल्यालाच मिळाली. हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो आहे. आज लिहितो आहे, एवढाच फरक.

वडील सालदार होते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि संध्याकाळी विहारात पेटी घेऊन बसायचे. त्यांची बोटं इतकी खरखरीत होती की आधी पट्ट्यांवर घासल्याचा आवाज यायचा आणि मग सूर यायचा. मला तो घासण्याचा आवाजसुद्धा आवडायचा. ते गेले तेव्हा वाटणी करायला चार जाणती माणसं बसली. वाटायला तरी काय होतं? भांडी, एक कुदळ आणि पेटी. मी म्हणालो, बाकी काही नको, पेटी द्या. दादा तेव्हा नवानवा मास्तर झाला होता. तो शांतपणे म्हणाला, "तुले कुठं येळ हाय बापू? तू तर सदा बाजारात."

चौघांनी माना हलवल्या आणि पेटी शेजारच्या मावला गावी गेली, दादाच्या घरी.

बाजारात लोक मला याहून वाईट बोललेले आहेत आणि प्रत्येकाला मी जागच्या जागी उत्तर दिलेलं आहे. या एका वाक्याला उत्तर देता आलं नाही, कारण ते खरं होतं. मी बैलांचा दलाल. आठवड्याचे सात वार म्हणजे माझ्यासाठी सात गावं. तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. सकाळी तेलुगू पाटीची लाल बस पकडायची, गुडीहत्नूरला हायवेवर उतरून चहा प्यायचा आणि तिथून ज्या गावचा बाजार असेल तिकडं जायचं. मुधोळकडचा शेतकरी मराठीत बोलायचा, पलीकडचा तेलुगूत आणि व्यापारी हिंदीत. मला तिन्ही भाषांत भांडता यायचं. मी चिडलो की अर्धा बाजार बैल सोडून माझ्याकडं बघायचा, असं लोक म्हणायचे. मी ते नाकारत नाही.

बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात आणि वर रुमाल टाकतात. आत बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. बघणाऱ्याला फक्त दोन माणसं आणि हलणारा रुमाल दिसतो. पटलं की रुमाल झटकायचा. झटकल्यावर सौदा फिरत नाही. जो फिरवतो त्याच्या हातात पुन्हा कोणी हात देत नाही. तीस वर्षांत मी एकही सौदा फिरवला नव्हता.

एका हिवाळ्यात जनावरांना खुरकूत आली आणि सगळे बैलबाजार बंद झाले. मी घरी बसलो. तिसऱ्या दिवशी भाजीवालीनं आमच्या गल्लीत येणं सोडलं, कारण मी मेथीच्या जुडीसाठी तिच्याशी तासभर घासाघीस केली होती. चौथ्या दिवशी मी शेजाऱ्याच्या शेळीचे दात बघत होतो. तेव्हा बायको दारात आली.

"आवो, तुमी घरात काऊन बसून राह्यले?"

"मंग कुठं जाऊ? बाजार बंद हाय."

"मावल्याले जा. जवापासून लगीन झालं तवापासून पेटी पेटी आयकून राह्यले मी. आता येळ हाय, जा."

भांडण्यासाठी का होईना, मी सायकल काढली. वाटेत सगळी तयारी केली. पेटी कुठंतरी पोत्यांखाली पडली असणार, उंदरांनी भाता कुरतडला असणार. त्यावर काय काय बोलायचं ते मी मावल्याच्या वेशीपर्यंत पाठ केलं. दादानं दार उघडलं. पेटी कपाटावर होती, वर वैनीनं विणलेलं झाकण होतं आणि लाकूड असं चमकत होतं की त्यात मला माझं तोंड दिसलं. इतका राग मला कधी आला नव्हता.

"वाजवशील?" दादानं विचारलं.

"मले कुठं येते?"

"बस. शिकवतो."

पहिल्या संध्याकाळी माझी बोटं एका पट्टीवर ठेवली की तीन पट्ट्या दबायच्या. दादा शाळेतल्या पोरांना शिकवतो तसं शिकवायचा. माझ्या बोटावर पेन्सिलीनं टकटक करायचा. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी पेन्सिल मोडली असती. पण चौथ्या संध्याकाळी मी वडिलांच्या एका गाण्याची पहिली ओळ वाजवली. वाकडी, अडखळत, पण ओळच होती. वैनी चुलीपासून उठून आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. "भावजी, परत वाजवा," ती म्हणाली. मी परत वाजवली. मग कोणी न सांगता आणखी सहा वेळा वाजवली. घरी जाताना मावल्याच्या तलावावर बगळे उतरत होते आणि मी सायकलवर ती ओळ तोंडानं म्हणत होतो. एवढ्या वर्षांत मी त्या रस्त्यानं हजारदा गेलो असेन, तलाव बघितला नव्हता.

पंधरा-वीस दिवस असे गेले. मग बाजार सुरू होण्याची दवंडी पिटली.

"आता?" दादा म्हणाला.

"आता काय? येत जाईन."

"असं नाही. कोनत्या दिवशी, किती दिवस, ठरव. तुह्या येण्या-जाण्याचा मले भरवसा नाही. मी वाट पाहत बसनार नाही."

ठरव म्हटल्यावर माझा हात आपोआप पुढं गेला आणि खांद्यावरचा रुमाल त्यावर पडला. दादा हसला, पण त्यानं हात दिला. रुमालाखाली त्यानं माझा पंजा दाबला, मग दोन बोटं. सात. आठवड्याचे सातही दिवस.

मी झटक्यात हात काढला. सात? हा माणूस मला समजतो काय? मी उठलो, दारापर्यंत गेलो, एका पायात चप्पल घातली. हा माझा जुना डाव आहे. एका पायात चप्पल घालून थांबायचं.

"भावजी, चहा तरी घ्या," वैनी म्हणाली. मी चहासाठी म्हणून परत आलो आणि एक बोट दाबलं. दादानं चार दाबली. मी पुन्हा एक. तो तिनावर आला. माझ्यासमोर तो मास्तर काय टिकणार? मी डोळे मिटले, मोठा उसासा सोडला, जणू घरदार विकतो आहे, आणि दोन बोटं दाबली. त्यानं मान हलवली. मी रुमाल झटकला. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी सहा.

घरी येताना मी शीळ घालत होतो. शाळा त्याला मिळाली असेल, सौदा कसा करायचा ते मी त्याला दाखवलं.

"सातावर होता," मी बायकोला सांगितलं. "दोनावर आनला."

ती भाकरी थापत होती. थांबली. "म्हंजे पेटी तुमालेच वाजवाची होती ना?"

"व्हय."

"आन् तुमीच कमी दिवस मागितले?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"मंग हारलं कोन?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तव्यावरची भाकरी जळली. ती जळकी भाकरी मी मुकाट्यानं खाल्ली.

मनात म्हटलं, जाऊ दे, भाऊच आहे. सोमवारी बाजार लवकर उरकला तशी बसमधून उतरून स्टँडवर ठेवलेली सायकल मावल्याकडं वळवली. दादा ओट्यावर पेपर वाचत होता.

"आज सोमवार हाय," तो म्हणाला.

"माहीत हाय. इकडून जात होतो."

"सौदा तूच केला. बुधवार न् रविवार." त्यानं पेपर परत तोंडासमोर धरला. आतून वैनीच्या हसण्याचा आवाज आला.

सौदा फिरवायचा म्हटलं तर फिरवता येत होता, पण मी तीस वर्षांची पत घेऊन तिथं उभा होतो. घंटी वाजवून निघून आलो. पुढचे पाच आठवडे मी बुधवार आणि रविवारची वाट अशी बघितली, जशी लहानपणी कशाचीच बघायला मिळाली नव्हती. एका बुधवारी ऐन चार वाजता एक व्यापारी खिल्लारी जोडीसाठी हात पुढं करून उभा राहिला. अशी जोडी वर्षातून एखादी येते. मी हात मागं घेतला.

"आज नहीं सेठ, कल."

"क्यों, बीमार हो क्या?"

"बाजा सीखता हूँ. छह बजे बैठना है."

त्यानं माझ्या बोटांकडं बघितलं. मग म्हणाला, "तू? अच्छा. कल आता हूँ." आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या बाजाराला खरंच आला. बैल तिथं आले होते, तोही होता, मीही. तीस वर्षं मला वाटत होतं की मी हात काढला तर सगळा बाजार दुसऱ्याच्या हातात जाईल. बाजार शेंगदाणे खात बसून राहिला होता.

त्याच दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी मावल्याला गेलो. दादा ओट्यावरच होता.

"आज गुरुवार हाय," त्यानं सुरुवात केली.

"दादा, सौदा मोडाचा हाय."

त्यानं पेपर खाली ठेवला. "काय म्हनलं?"

"आयकू आलं तुले."

"नाही आलं. मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं बोललो. शेजारचे दोघं ओट्यावर आले. वैनी पीठभरल्या हातानं बाहेर आली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःचा सौदा फिरवत होतो आणि तो ऐकायला अर्धी गल्ली हजर होती.

"काऊन मोडतो?" दादानं विचारलं.

"दोन दिवसांनी पोट भरत नाही."

दादानं हात पुढं केला. मी रुमाल टाकला, त्याचा पंजा दाबला, मग दोन बोटं. दादानं माझा पंजा दाबला आणि एकच बोट.

"सा," तो म्हणाला. "शुक्रवार माहा. मले बी येळ लागते ना बापू, मी बी मानूस हाय."

मी चप्पल घालायला उठलो नाही. लगेच रुमाल झटकला.

वाटणीच्या वेळचं ते जुनं वाक्य त्यानं परत घेतलं नाही, मीही मागितलं नाही. मागायचं राहिलेलं आहे, ते मी विसरलेलो नाही. गाणं आता अख्खं येतं. मी वाजवतो तेव्हा पट्ट्यांवर बोटं घासतात आणि आधी तो आवाज येतो. दादाची बोटं मास्तरची, त्याच्या वाजवण्यात तो आवाज नाही. हे त्यानं स्वतः कबूल केलं, वैनीसमोर.

पेटी मात्र अजून त्याच्याच घरी आहे. पेटी कोणाची, त्या सौद्याचा रुमाल मी अजून हातावर टाकलेला नाही. टाकीन कधीतरी. सध्या मला वेळ नाही, सहा वाजता बसायचं असतं.