बाबांनी गाणं वाढवलं

मी निघाले त्या दिवशी उज्जैनच्या देवास गेट स्टँडवर इंदूरची बस लागली होती आणि बाबा कंडक्टरशी हुज्जत घालत होते. माझं स्पीकरचं खोकं टपावर जाणार नाही, सीटवर जाईल, असं त्यांचं म्हणणं. तो म्हणाला, अंकल, फिर इसका भी टिकट लगेगा. लगाओ, म्हणाले बाबा. आईचं वेगळंच चाललं होतं. लोकांनी विचारलं तर मुलगी नक्की काय शिकायला हॉलंडला गेली म्हणून सांगू, ते एकदा नीट सांगून जा म्हणे. मी म्हटलं, कॉम्प्युटरला गाणं ऐकायला शिकवणार आहे. आईनं सुस्कारा सोडला. म्हणाली, इथे माणसं ऐकत नाहीत.

उज्जैनात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाडबिस्तरा उचलून निघालेल्यांनो, तुम्हालाही ते एकदा सांगते. गाणारा गातो, संगणक त्याचा आवाज ऐकतो आणि तिथल्या तिथे त्याला सुरांत उत्तर देतो. कुठे वळायचं हे आधी ठरलेलं नसतं. माझ्या संशोधनाची सगळी भिस्त असल्या एका रचनेवर होती आणि त्या रचनेत गाणारे एकच होते, माझे बाबा.

बाबा बँकेत होते, पण आमच्या माधव नगरात त्यांना ओळखायचे ते गाण्यावरून. सकाळी पेटी काढून बसले की शेजारचे चहा घेऊन ओट्यावर यायचे. त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज मी बरोबर नेली होती आणि संगणकाला तोच आवाज शिकवला होता. इकडे हॉलंडच्या थंडीत खिडक्या गच्च बंद करून मी दिवसदिवस बाबांचा षड्ज ऐकत बसायची. माझे प्रोफेसर तो ऐकून खूश. आता बाबांनी संगणकासमोर प्रत्यक्ष गायचं, एवढंच उरलं होतं.

गेल्या हिवाळ्यात बाबा फोनवर म्हणाले, "बेटा, मी गाणं वाढवलं बरं का."

मला कोण आनंद झाला! म्हटलं, "वा बाबा, छान केलंत. आणखी वाढवा."

  बाबा नुसतं बरं म्हणाले आणि त्यांनी आईकडे फोन दिला. त्यांचा घसा बसल्यासारखा वाटला, तर मी मनात म्हटलं, रियाज जास्त होत असणार. माझीही कमालच म्हणायची.

उन्हाळ्यात मी सगळं सामान घेऊन घरी आले. पुढच्या खोलीत मायक्रोफोन लावला, स्पीकर लावले, लॅपटॉप सुरू केला आणि बाबांना म्हटलं, चला, बसा. ते उठेनात. आईकडे बघत राहिले.

"अगं, यांना गायला मनाई आहे," आई म्हणाली. "स्वरयंत्राला इजा झालीय. आता कायमचंच. यांनी सांगितलं ना तुला फोनवर, गाणं वाढवलं म्हणून?"

महाराष्ट्रात तुम्ही नारळ वाढवता, हातातली बांगडी फुटली तरी ती वाढवली म्हणता. आमच्याकडे त्यात हिंदीतलं 'दुकान बढ़ाना' येऊन मिसळलंय. टावर चौकातला दुकानदार शटर ओढताना दुकान बढ़ा रहे हैं म्हणतो, आणि बाबा रियाज संपला की मला हाक मारायचे, पेटी वाढव बेटा. मिटलं, संपलं असं म्हणायचं नाही, वाढवलं म्हणायचं. हे ऐकत मी मोठी झाले. तरी बाबांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली तेव्हा मला त्यात फक्त स्पीकरचं आवाज वाढवायचं बटण ऐकू आलं. आणि मी म्हणाले, आणखी वाढवा.  

बाबाच मला समजवायला पुढे झाले. "जाने दे बेटा," ते म्हणाले, "तुला तिथे कसं कळणार."

मायक्रोफोन चालू होता. संगणकाला बाबांचा आवाज मिळाला आणि त्यानं शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. दोन्ही स्पीकरमधून बाबांचा जुना, भरदार सूर खोलीभर आला.  बाबा दचकून मागे सरकले, "अरे" म्हणाले, तर संगणकानं त्या 'अरे'वरून आणखी वर झेप घेतली. मी बटण शोधत होते, ते सापडेना.

"बंद कर," बाबा म्हणाले.

गाण्याला हे शब्द आमच्या घरात कुणी कधी लावले नव्हते. बाबा माझ्याकडे बघून, सावकाश, मला कळेल असं बोलले. मी वायर ओढेपर्यंत संगणकानं त्या दोन शब्दांचीही तान केली. ती अजून माझ्या कानातून जात नाही.

हॉलंडला परत आल्यावर प्रोफेसरांना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, पण आवाज तर तुझ्याकडे आहे, असं ते म्हणाले. आहे खरा. मी तो पुन्हा उघडलेला नाही, आणि ती रचना पुरी होईल असं मला वाटत नाही.

बाबा आता फोनवर मला प्रत्येक गोष्ट फोड करून सांगतात. डॉक्टरकडे जाऊन आलो, म्हणजे तपासायला, मतलब चेकअप. चिडत नाहीत. बाहेरगावच्या पाहुण्यांशी बोलावं तसं अदबीनं बोलतात. घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी अजून उज्जैन म्हणते, पण म्हणताना अडखळते. परवा आईला विचारलं, काय करत होतीस? देवापुढचा दिवा वाढवला, म्हणाली. मला कळलं होतं, शप्पथ कळलं होतं. पण मी हो म्हणायच्या आत, जिनं जन्मात तो शब्द घरात कुणाला उच्चारू दिला नाही ती माझी आई घाईघाईनं पुढे म्हणाली, "म्हणजे विझवला गं."