कंप्रेसर काही पकडेना

गाडीचा एसी थंड करत नाही म्हटलं की आमच्या चंद्रपुरात एकच रोग सगळ्यांना माहीत आहे: गॅस संपला. फ्यूज बघू नका, वायर बघू नका, पंखा फिरतो की नाही तेही बघू नका, गॅस भरा. गाडीवाला सांगतो गॅस संपला, त्याचा मेहुणा सांगतो गॅस संपला, समोरचा चहावालासुद्धा किटली हातात धरून तेच सांगतो. आणि रस्त्याकडेला सिलिंडर घेऊन बसलेले दीडशहाणे तर बोनेट नीट उघडायच्या आत नळी जोडून मोकळे होतात. मी उभा जन्म गाड्यांच्या एसीचं काम केलं. या धंद्यात मला उन्हाचा त्रास कधी झाला नाही, माणसांचा झाला.

त्यातले मुकुटमणी म्हणजे आमचे भाऊजी. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. भाऊजींची सगळी नोकरी लाकडाच्या डेपोत झाली, आणि तिथे राहून स्वभावही तसाच झाला, वाळलेला आणि न वाकणारा. सख्खा साळा चंद्रपुरात एसीचं दुकान टाकून बसलेला असताना या माणसानं आपली गाडी एकदाही माझ्याकडे आणली नाही. का, तर लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी त्यांच्या स्कूटरला खटारा म्हणालो होतो. खटाराच होती ती. आजही म्हणेन.

पण त्या मे महिन्यात त्यांना यावं लागलं. बाई अहेरीला राहते. तिच्या किडन्या गेल्या, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चंद्रपूरला यावं लागतं. अहेरी, आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर, आणि तोच रस्ता परत. उन्हाळाभर माझ्याकडे राहा म्हणून मी सांगून थकलो. तिचं म्हणणं, भावाच्या घरी पाहुणी होऊन आजारपण काढणार नाही. बरं, एसीची गाडी होती म्हणून निभत होतं. तो एसी बंद पडला, आणि मागच्या खेपेला गोंडपिपरीच्या पुढे बाई गाडीतच बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर तिनं एकच सांगितलं, "आता मी जात नाई. मराचं तर घरी मरीन, या गाडीत नाई." आमची बाई बोलली की बोलली. डायलिसिस सोडलं तर काय होतं ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. भाऊजींनी हातापाया पडून, ऊन चढायच्या आत पोचवतो म्हणून, तिला आणखी एका खेपेला तयार केलं. निघतानाच ती म्हणाली होती, ही शेवटची.

तर तिला दवाखान्यात मशीनवर सोडून भाऊजी माझ्या दुकानात आले. ती मशीनवरून उतरेपर्यंत काय तो वेळ. दुपारच्या उन्हात तिला परत न्यायचं होतं, आणि परत न्यायच्या वेळीही एसी बंद असला, तर पुढच्या खेपेची गोष्टच नको.

"एसी चालत नाई," भाऊजी म्हणाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"कवापासून?"

"गॅस भरला."

"मी विचारलं कवापासून."

"दोनदा भरला. आलापल्लीचा मिस्त्री म्हणते, कंप्रेसर गेला. नवा टाका लागते."

वा. दोनदा गॅस भरून झाल्यावर त्या महाभागाला कंप्रेसर आठवला. मी गाडीला एक चक्कर मारली तर पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लटकलेली. म्हटलं हे काय? तर तेही त्या मिस्त्रीनंच बांधलेलं, गाडीले नजर लागली म्हणे. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातून लिंबू-मिरच्या गेल्या त्या गेल्या. भाऊजींच्याही घरातून गेल्या. आणि हा माणूस निवृत्त झाल्यावर एका गॅसवाल्याच्या सांगण्यावरून ती गाडीला बांधून अहेरी ते चंद्रपूर फिरत होता. मी ती तोडून नालीत टाकली.

मग मी गाडी चालू केली, एसीचं बटण दाबलं आणि कान दिला. कंप्रेसरच्या तोंडाशी एक पुली असते, ती पट्ट्यावर कायम फिरते. तिच्यापुढे एक चकती असते. बटण दाबलं की चकतीला करंट मिळतो, ती पुलीला चिकटते, "टक्" असा आवाज येतो आणि तेव्हा कुठे कंप्रेसर फिरायला लागतो. याला आम्ही कंप्रेसरनं पकडलं म्हणतो. इथे पुली गरगर फिरत होती आणि चकती ढिम्म. टक् नाही न् फक् नाही.

दाब दाखवणारा गेज लावला. गॅस होता. एवढं त्या मिस्त्रीला पहिल्या खेपेलाच दिसायला हवं होतं, पण त्यासाठी गेजकडे बघावं लागतं. फ्यूज पाहिला, चांगला. हॉर्नचा रिले, म्हणजे करंट सोडणारी डबी, काढून एसीच्या जागी लावला, तरी तेच. मग बॅटरीवरून एक वायर थेट कंप्रेसरला टेकवली, आणि टक्. चकती चिकटली, कंप्रेसर फिरला.

"झाला?" भाऊजी एकदम पुढे आले.

"नाई झाला. कंप्रेसर मेला नाई, एवढंच समजलं. मेला कोण, थे पाहून राह्यलो."

टेस्ट लॅम्प घेऊन मागून पुढे आलो. रिलेपर्यंत करंट येत होता, कंप्रेसरच्या प्लगवर येत नव्हता. म्हणजे मधेच कुठेतरी वायर खलास. ती वायर त्या गाडीत पुढून, कंडेन्सरच्या बाजूनं जाते. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी. गाडीतली सगळी गरमी ती बाहेर टाकते, आणि त्यासाठी तिला समोरून वारा लागतो. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही पटते. मी पुढची ग्रिल काढली आणि स्क्रू हातातच धरून उभा राहिलो.

ग्रिल आणि कंडेन्सरच्या मधे, बरोब्बर मापात कापलेली, तारेनं चारी कोपऱ्यांत आवळून बांधलेली, कूलरची ताटी होती. वाळ्याची. ओली. तिच्यातून खाली पाणी ठिबकत होतं, आणि चिखल, मेलेली पाखरं, रस्त्यावरचा भुसा, सगळं तिच्यात अडकलेलं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला थंडाव्याची एकच विद्या येते: ताटी ओली करा. घराला कूलर, दुकानाला कूलर, लग्नाच्या मांडवाला कूलर. त्यापलीकडे वारा, गॅस, दाब असलं काही जगात असतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. पण कूलर गाडीच्या नाकाला बांधणारा मी तोवर पाहिला नव्हता.

"हे काय होय, भाऊजी?"

भाऊजी रस्त्याकडे बघत होते. "ताटी."

"थे दिसून राह्यली. गाडीत काऊन?"

"थंड राहाले."

"आन् पाणी?"

"हापशाचं. रस्त्यात हापसा आला का टाकतो बालटीनं."

मग मी तोंड सोडलं. कूलर समजले का गाडीले म्हटलं. जाळीले वारा लागते, तुम्ही तिच्या तोंडावर उशी दाबली म्हटलं. हापशाचं खारं पाणी टाकून टाकून तुम्ही वायरचा मुरंबा केला, आन् वरून गॅस भरता, लिंबू बांधता. डेपोतली लाकडं तरी बरी होती, त्यांच्या जिवावर उठायची तुमची सोय नव्हती. शेजारचा पंक्चरवाला काम थांबवून ऐकत होता. भाऊजींनी शर्टाची बाही खाली ओढली, बटण लावलं, पण उलटून एक शब्द बोलले नाहीत. याचा मला आणखी राग आला. चुकलं म्हणावं, नाहीतर भांडावं. गप्प बसलेल्या माणसाला किती बोलणार?

ताटीच्या काठाशीच वायरचा जोड होता, हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारखा फुललेला. हात लावला तर तांब्याचा भुगा पडला. मी चांगल्या वायरपर्यंत कापलं, नवा जोड दिला, कथलाचा डाग मारला, वर रबरी नळी चढवली आणि बटण दाबलं. टक्. पण ताटी मी मुद्दामच तशीच ठेवली होती. भाऊजींना गेजसमोर उभं केलं आणि म्हटलं, पाहा आता तुमची करामत. काटा चढत गेला, चढत गेला, आणि टक् करून कंप्रेसर सुटला. दाब जास्त झाला की तो स्वतःला बंद करून घेतो. मशीनला अक्कल असते.

"दिसलं?"

"दिसलं," भाऊजी म्हणाले.

मग मी ताटी उपटून काढली आणि जाळी पाण्यानं धुतली. मिस्त्रीनं कोंबलेला जास्तीचा गॅस काढून माप नीट केलं. थोड्या वेळानं गाडीत बसलो तर गार वाऱ्यानं हातावर काटा आला. अहेरी काय, सिरोंच्यापर्यंत जा म्हटलं. चावी मी भाऊजींना दिली नाही. बाईला आणायला मीच चालवत निघालो, ते बाजूला बसले. खरं सांगायचं तर ती गार गाडीत बसेल, तेव्हा तिच्यासमोर सगळं सांगायची मला घाई झाली होती. इतक्या वर्षांचा हिशेब होता.

बाई दवाखान्याच्या दारात खुर्चीवर बसली होती. मशीनवरून उतरली की तिचा चेहरा पिळलेल्या कपड्यासारखा होतो. तिला मागच्या सीटवर बसवलं, दार लावलं. गार हवा लागली तशी तिनं डोळे मिटले आणि पदर अंगाभोवती घेतला.

"चालू झाला वाटते," ती म्हणाली.

"झाला. आता विचार, बंद कायनं पडला होता."

आणि गाडी रस्त्याला लावत मी सांगितलं. ताटी, हापसा, खारं पाणी, कुजलेली वायर, लिंबू-मिरची, सगळं. काही सोडलं नाही, थोडं वाढवलंसुद्धा. भाऊजी समोरच्या काचेतून बघत बसले होते. बाईनं मला पूर्ण बोलू दिलं. ती कोणाला पूर्ण बोलू देत नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"झालं तुहं?" ती म्हणाली. "ताटी म्या बांधाले लावली."

मी आरशात तिच्याकडे पाहिलं.

"त्याईले काय घेणं होतं ताटीचं. थे तर म्हणत होते, गाडी खराब होईन. म्याच म्हटलं, बांधा. तुले माहीत आहे मले पाणी किती भेटते? डाक्टरनं सांगतलं तेवढंच, दिवसाले मोजून. भाजीतलं पाणी, चहाचं पाणी, सारं धरून. गोळी गिळाले घोट घेतला तर थोही मोजते हा माणूस. जीभ अशी चिकटते बाबू, का शब्द नाई निघत. मंग रस्त्यात हापसा आला का मी म्हणो, थांबवा, ताटी वाळली. हे उतरत, हापसत, बालटी भरत, आन् धो धो टाकत. मी काच खाली करून पाहत बसो. आवाज आयकत बसो. कधी पाण्याचा शिंतोडा हातावर येऊन जाये. उगाच थांबवा म्हणाले लाज वाटे मले. ताटी होती तं वाटत नोती."

मी गाडी बाजूला घेतली. एसी चालू होता आणि मला घाम आला होता. भाऊजी दुकानात माझं सगळं ऐकून घेत होते, पंक्चरवाल्यासमोर, बाही नीट करत. त्यांना एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं.

"पुढच्या खेपेले येशील नं, बाई?" मी विचारलं.

"येईन. एसी चालू आहे तं काऊन नाई येईन," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता मात्र कुठी थांबाचं काम नाई."

"थांबू," भाऊजी म्हणाले.

मला तेव्हाही राहवलं नाही. सवयच ती. "ताटी म्या फेकली, भाऊजी. पाणी कायवर टाकान?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या दुकानात येणाऱ्या अडाण्यांकडे मी जसा बघतो, अगदी तसं.

"रस्ता आहे नं," ते म्हणाले.